धातूच्या पोटातील रिकामी जागा

आपल्या नंदुरबारच्या व्यासपीठावर इतिहास म्हटला की ९ सप्टेंबर १९४२ चा दिवस आणि बालहुतात्मा शिरीषकुमार डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहास जसा माणसांचा असतो, तसा माणसाच्या हातातील वस्तूंचाही असतो. आज मी धातूचा इतिहास सांगणार आहे. राजांनी कोणत्या धातूची नाणी पाडली हा त्याचा विषय नव्हे. धातू वाकतो का, तुटतो का, थकतो का, आणि त्याच्या पोटात काय चालते हे माणसाने कसे ओळखले, हा त्याचा विषय आहे. या इतिहासाचे शेवटचे प्रकरण संगणकावर लिहिले गेले आणि अजून लिहिले जात आहे. त्याचा एक धागा मुंबईला कुलाब्यात व ट्रॉम्बेला आहे, आणि दुसरा आपल्या तापीच्या काठीच आहे.

प्रारंभही तापीकाठचाच करू. शहादे तालुक्यातील प्रकाशा हे क्षेत्र आपण दक्षिणकाशी म्हणून ओळखतो. तेथे १९५५ मध्ये केंद्रीय पुरातत्त्व खात्याने बा. कृ. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण युगातील वस्ती निघाली आणि तिच्या वरच्या थरात लोखंड सापडले. म्हणजे आपल्या जिल्ह्यात माणूस तांबे व लोखंड हाताळतो आहे त्याला हजारो वर्षे झाली. त्या काळापासून कारागिराला काही गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. तांबट भांडे मठारू लागला की काही वेळाने पत्रा कडक होतो आणि आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तो भांड्याला पुन्हा ताव देतो, पत्रा मऊ होतो आणि काम पुढे चालते. लोहार कोयत्याला पाणी देतो ते धार टिकावी म्हणून. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आले. परंतु ठोकल्याने पत्रा कडक का व्हावा आणि तापवल्याने मऊ का व्हावा, याचे उत्तर तांबटाला देता येत नव्हते, आणि विद्वानांनाही १९३४ पर्यंत देता आले नाही.

उत्तराची निकड भासली ती आगगाडीमुळे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या एका गाडीच्या एंजिनाचा आस मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. त्या काळी उतारूंना डब्यात बसवून बाहेरून कुलूप लावीत. पन्नासाहून अधिक माणसे होरपळून मेली. आस नवाकोरा असता तर तोच भार त्याने सहज पेलला असता. मग तो मोडला कसा? त्या वेळच्या अभियंत्यांत एक समजूत रूढ होती की धावून धावून लोखंडाचे ‘स्फटिकीकरण’ होते आणि ते ठिसूळ बनते. ही समजूत चुकीची होती, कारण लोखंड पहिल्या दिवसापासून स्फटिकांचेच बनलेले असते. जर्मनीतील रेल्वे अभियंता व्होलर याने पुढे वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग केले आणि दाखवून दिले की एका धक्क्यात न मोडणारा आस त्याहून कमी भाराच्या लक्षावधी फेऱ्यांनी मोडतो. याला पुढे धातूचा थकवा असे नाव मिळाले. १९०३ साली इंग्लंडात युइंग आणि हंफ्री यांनी लोखंडाचा तुकडा वारंवार वाकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्फटिकांच्या पृष्ठावर बारीक घसरणीच्या रेषा उमटल्या, त्या दाट होत गेल्या आणि त्यांतूनच भेग निघाली.

माझे शालेय शिक्षण थोडे. हे वाचन युनियनच्या कामातून वाढले. त्यामागे कारण आहे. एका कारखान्यात पंपाचा दांडा मोडला आणि त्या पाळीच्या माणसाच्या हाती नोटीस पडली: निष्काळजीपणाने यंत्र चालवून नुकसान केले. आम्ही चौकशीत एकच मागणी धरली, की तुटलेला तुकडा टेबलावर ठेवा. तुकडा आला. त्याच्या तुटक्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत व काळपट होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशी एकात एक वळणे होती. उरलेला थोडा भाग खडबडीत व चकचकीत होता. ज्याला हे वाचता येते त्याला सारी हकीकत कळते. गुळगुळीत भागात भेग महिनोन् महिने सरकत होती. चकचकीत भाग तेवढा शेवटच्या क्षणी तुटला. त्या पाळीचा माणूस केवळ शेवटच्या क्षणाचा साक्षीदार होता. नोटीस मागे घेतली गेली. धातूचे अंतरंग जाणणे ही केवळ विद्वानांची हौस नाही, हे मी तेव्हापासून मानतो. कारण कळले नाही की दोष जवळच्या माणसावर जातो, आणि जवळचा माणूस बहुधा सर्वांत कमी पगाराचा असतो.

आता अंतरंगात शिरू. १९१२–१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतील अणूंची मांडणी उलगडली. धातूतील अणू बाजारातल्या संत्र्यांच्या राशीसारखे ओळीने व थराने रचलेले असतात. तांब्यात एका मिलिमीटर लांबीत सुमारे ४० लाख अणू ओळीने मावतात. ही रचना कळताच एक नवाच पेच उभा राहिला. १९२६ साली रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल याने हिशेब केला की अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आले ते प्रत्यक्षाच्या शेकडो, कधी हजारो पट. या हिशेबाने शुद्ध तांब्याची तार हाताने वाकताच कामा नये, आणि ती तर लहान मूलही वाकवते!

१९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनी पेच सोडवला. आपण या मंडपात जाजम अंथरतो. एवढे मोठे जाजम हातभर सरकवायचे झाले तर ते सगळे एकदम ओढणे चार माणसांनाही जड जाते. पण एका कडेला वळी पाडून ती पायाने ढकलीत दुसऱ्या कडेला नेली, तर एकटा माणूस जाजम सरकवतो. धातूतही तसेच होते. अणूंच्या ओळींत कोठेतरी एखादी ओळ अर्धीच राहून गेलेली असते. त्या अर्ध्या ओळीची कड म्हणजे जाजमाची वळी. ती एकेक पाऊल सरकते आणि सबंध थर सरकल्यासारखा होतो. शास्त्रज्ञ तिला डिसलोकेशन म्हणतात. आपण येथे वळीच म्हणू. तांबटाचे कोडे यानेच सुटले. ठोकल्याने वळ्या असंख्य वाढतात, एकमेकींत गुंततात आणि सरकेनाशा होतात. म्हणून पत्रा कडक. ताव दिला की अणू हलतात, गुंता सुटतो, नवे निर्दोष स्फटिक वाढतात. म्हणून पत्रा मऊ.

दोषांचे आणखी दोन प्रकार आहेत. राशीतील एखादे संत्रे नसले म्हणजे रिकामी जागा राहते. आणि एखादे संत्रे नको तेथे, इतरांच्या सांदीत घुसले, तर तो आगंतुक अणू. एक अणू जागेवरून उडून दुसरीकडे घुसला की रिकामी जागा आणि आगंतुक अशी जोडी तयार होते. तिला फ्रेंकेलचेच नाव आहे. १९४७ मध्ये ब्रॅग व नाय यांनी साबणाच्या पाण्यावर एकसारख्या बुडबुड्यांचा थर करून हे सारे दोष डोळ्यांना दाखवले. १९५६ मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वळ्या प्रत्यक्ष सरकताना पाहिल्या. बावीस वर्षे कागदावर असलेली गोष्ट डोळ्यांसमोर आली.

त्याच १९५६ सालच्या ४ ऑगस्टला मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीने धातूपुढे एक असे संकट आणले की जे लोहाराने कधी पाहिले नव्हते. भट्टीत न्यूट्रॉन सुसाट धावतात. एखादा न्यूट्रॉन धातूच्या अणूवर आदळला की तो अणू जागेवरून उडतो, शेजाऱ्याला धडकतो, शेजारी पुढच्याला; एका टोल्याने कॅरमच्या सोंगट्या विखुराव्यात तसे होते. युजीन विग्नर याने दुसऱ्या महायुद्धातच या धोक्याचा इशारा दिला होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडातील विंडस्केलच्या भट्टीत ग्राफाइटमध्ये अशीच साठून राहिलेली ऊर्जा मोकळी करण्याचे काम चालू असताना आग लागली. मग प्रश्न असा पडला की या धडकांत नेमके घडते काय? सारा प्रकार एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या काही पटींतच आटोपतो. तो पाहील असा डोळा नाही, टिपील असा कॅमेरा नव्हता. एकच मार्ग उरला, तो म्हणजे हिशेबाचा.

हा हिशेब समजायला कठीण नाही, करायला मात्र अफाट आहे. प्रत्येक अणूची जागा व वेग लिहा. शेजारी त्याला किती ओढतात, किती ढकलतात ते काढा. न्यूटनच्या नियमाने तो पुढच्या क्षणी कोठे असेल ते ठरवा. सर्व अणूंचे असे झाले की पुन्हा पहिल्यापासून. येथे ‘क्षण’ म्हणजे किती? एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावेत, त्यांतल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत. असे एक-दोन किंवा फार तर काही भाग म्हणजे हिशेबाचा एक क्षण. हाताने हे करायला एका पेढीचे सगळे मुनीम पिढ्यान् पिढ्या बसले तरी पुरणार नाहीत.

१९६० साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत गिब्सन, गोलंड, मिल्ग्रॅम व व्हिनयार्ड या चौघांनी आयबीएम ७०४ या गणकयंत्रावर तांब्याच्या सुमारे ५०० अणूंचा असा हिशेब केला. एका क्षणाचा हिशेब करायला यंत्राला साधारण एक मिनिट लागे. त्यांनी एका अणूला कल्पित टोला दिला आणि पुढे काय होते ते आकड्यांत पाहिले. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली ही की धक्का अणूंच्या दाट ओळीतून दूरवर जातो, ओळीतला प्रत्येक जण पुढच्याची जागा घेतो. मागे रिकामी जागा राहते आणि आगंतुक फार दूर निघतो. दुसरी ही की आगंतुक अणू सांदीत एकटा बसत नाही. तो जागेवरच्या एका अणूला अर्धे सरकवतो आणि दोघे मिळून एका जागेवर दाटीवाटीने राहतात. आपल्या चाळींत एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहतात तसे! पुढे क्ष-किरणांच्या प्रयोगांनीही धातूंत आगंतुक असेच जोडीने बसतात याला दुजोरा दिला. धातूतील दोषांचे अणूपातळीवरचे संगणकीय चित्रण येथून सुरू झाले.

आपल्याकडे त्या वेळी काय होते? त्याच १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी घडवलेले गणकयंत्र काम करू लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. अशी यंत्रे पूर्वी न पाहिलेल्या माणसांनी, बाहेरून सुटे भाग आणून, ते येथे जुळवले. कारखान्यात काम केलेल्या कोणालाही या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे विकतचे मोठे यंत्र आले. आणि त्याच वर्षी, त्याच जातीच्या यंत्रावर, अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत आपल्याच देशातून गेलेल्या एका माणसाने इतिहास घडवला.

त्यांचे नाव अनीसुर रहमान. १९२७ साली हैदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीत, त्यांचा जन्म झाला. केंब्रिज व लूव्हेन येथे शिकून ते उस्मानिया विद्यापीठात शिकवीत होते; नंतर आर्गोनला गेले. १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंचा हिशेब केला, आणि तो प्रत्यक्ष प्रयोगाशी जुळला. अणूंमधील खरे वाटतील असे ओढ-रेटे घेऊन द्रवाचे वर्तन संगणकावर उभे करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९८०–८१ मध्ये पारिनेलो यांच्यासह त्यांनी अशी रीत काढली की अणू ज्या कल्पित पेटीत ठेवायचे ती पेटीही दाबाने आपला आकार बदलू शकेल. त्या रीतीने त्यांनी निकेलचा स्फटिक संगणकावर दाबला, ताणला आणि त्याची रचना बदलताना पाहिली. १९८७ मध्ये ते वारले. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकीचे पारितोषिक त्यांच्या नावाने देते. या माणसाचे नाव आपल्या शाळांतून मुलांच्या कानी पडत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

एक मोठी अडचण मात्र बाकी होती. सुरुवातीचे हिशेब असे धरून चालत की अणूंची ओढ दोघादोघांपुरती असते. तिसरा शेजारी असो वा नसो, त्यात फरक पडत नाही. धातूच्या बाबतीत हे खोटे ठरले. या हिशेबाने तांब्यातून एक अणू काढून रिकामी जागा करायला जेवढी ऊर्जा लागावी, तिच्या सुमारे एक तृतीयांशच प्रत्यक्षात लागते. धातूतील बंध हा शेकोटीसारखा आहे. शेकोटीभोवती माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची ऊब थोडी कमी होते. एक उठून गेला की उरलेले जवळ सरकतात आणि त्यांची ऊब वाढते. हा सामुदायिक बंध आकड्यांत आणण्याची सोपी रीत १९८३–८४ मध्ये अमेरिकेत डॉ आणि बास्केस यांनी आणि इंग्लंडात फिनिस व सिंक्लेअर यांनी दिली. डॉ व बास्केस यांच्यापुढे तेव्हा कोणता प्रश्न होता? हायड्रोजन शिरला की धातू ठिसूळ का होतो, हा. हा प्रश्न आपल्या दाराशीच येऊन उभा आहे.

नवापूर सोडून रेल्वेने सुरतेकडे निघालो की व्यारा लागते. तेथून जवळच, आपल्याच तापीच्या पाण्यावर, काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे. त्याची पहिली भट्टी १९९२ मध्ये प्रथम चेतली. २२० मेगावॅटच्या अशा भट्टीत आडव्या ३०६ नळ्या असतात. त्यांत इंधन असते, आणि २५० ते ३०० अंश सेल्सिअसचे जड पाणी प्रचंड दाबाखाली वाहते. नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते. वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसताना नळीतला प्रत्येक अणू सरासरीने अनेकदा आपल्या जागेवरून उठवला जातो. बहुतेक पुन्हा कोठेतरी जागेवर बसतात. थोड्या जागा रिकाम्या राहतात, थोडे आगंतुक राहतात. झिर्कोनियमच्या स्फटिकात सर्व दिशा सारख्या नसतात. दोष एका दिशेला अधिक जमतात, आणि नळी हळूहळू लांबते, रुंदावते, मध्ये झुकते. शिवाय पाण्यातला हायड्रोजन धातूत शिरून ठिसूळ पापुद्रे बनवतो. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग येथे अशीच एक नळी फुटली, तेव्हा जगभर या नळ्यांची नव्याने तपासणी सुरू झाली. काक्रापारलाही ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या भट्टीतील एका नळीतून जड पाणी गळाले. भट्टी बंद झाली, आणि दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा चालू झाली.

झिर्कोनियमच्या विद्येत ट्रॉम्बेचे काम मोठे आहे. ब्रह्म प्रकाश यांनी तेथे धातुशास्त्राचा पाया घातला. श्रीकुमार बॅनर्जी यांनी झिर्कोनियमच्या मिश्रधातूंतील अंतर्गत बदलांचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्या सातपुड्यापलीकडील बडवानी येथे जन्मलेले अनिल काकोडकर यांनी कल्पाक्कमच्या बिघडलेल्या भट्ट्या पुन्हा उभ्या करण्यात पुढाकार घेतला. मोठे संगणक अमेरिकेकडून मिळेनासे झाले तेव्हा पुण्यात सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ आणि ट्रॉम्बेने ‘अनुपम’, असे दोन्ही १९९१ मध्ये उभे केले. तेव्हा अणूंच्या हिशेबासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची गरज संपली. जगात तर २००० सालच्या सुमारास अब्राहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यासारख्या धातूच्या तब्बल एक अब्ज अणूंचा हिशेब करून वळ्या कशा निघतात, गुंततात आणि धातू कसा कडक होतो ते दाखवले. ब्रुकहेव्हनच्या पाचशेपासून एक अब्जापर्यंत, आणि मध्ये अवघी चाळीस वर्षे!

येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. एक अब्ज अणू म्हणजे किती मोठा तुकडा? एका घन सेंटीमीटर तांब्यात अणू असतात ८५ वर २१ शून्ये इतके. एक अब्ज अणूंचा तुकडा केसाच्या जाडीतही हरवून जाईल. आणि काळ? हिशेब चालतो सेकंदाच्या अब्जांश भागांत. नळीने टिकायचे असते तीस वर्षे. मधले अंतर अनुमानाने आणि दुसऱ्या हिशेबांनी भरावे लागते. संगणक स्वतःहून काही जाणत नाही. अणूंची ओढ किती, हा आकडा माणसानेच त्याला दिलेला असतो. तो चुकला की अब्ज अणू शिस्तीने चुकीच्या जागी जाऊन बसतात, आणि चित्र तितकेच सुबक दिसते. म्हणून संगणकाचे उत्तर हा साक्षीदाराचा जबाब समजावा. साक्ष मोलाची आहे, कारण तेथे दुसरा कोणीच हजर नव्हता. पण उलटतपासणी झाल्यावाचून निकाल देऊ नये. ती उलटतपासणी म्हणजे प्रयोग, तुटलेला तुकडा, आणि नळीपाशी उभे राहून मोजमाप घेणारा कामगार.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण पुढे एक मोह येणार आहे. हिशेब सांगतो की नळी, पूल, आस आणखी दहा वर्षे टिकेल. मग तपासणीचा खर्च कशाला, असे कोणीतरी म्हणेल. या सबंध इतिहासाचा धडा याच्या उलट आहे. व्होलर, युइंग, व्हिनयार्ड, रहमान यांच्यापैकी कोणाच्याही ज्ञानाने तपासणीची गरज कमी केली नाही. काय तपासायचे, कोठे तपासायचे आणि केव्हा, हे त्यांनी दाखवले. पूर्वी आस मोडला तर दैव म्हणता येत असे, किंवा चालवणाऱ्याला धरता येत असे. भेग कोठून निघते, केवढ्या काळात वाढते, हे माहीत झाल्यावर ती सोय राहिलेली नाही. जो जाणतो त्याच्यावर जबाबदारी येते.

आपल्या जिल्ह्यातून कारखान्यांत, एस. टी.च्या आगारांत, रेल्वेत आणि तापीकाठच्या वीजकेंद्रांत कामाला जाणारी मुले आहेत. त्यांना पान्याबरोबर हे ज्ञानही मिळाले पाहिजे. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तुटलेल्या भागांचा एक संग्रह ठेवावा, प्रत्येक तुकड्याची हकीकत त्याच्याशेजारी लिहावी, आणि संगणकावर अणूंची ही हालचाल मुलांना मराठीतून समजावून दाखवावी. याला फार पैसा लागत नाही. ज्याच्या हाताखाली यंत्र चालते त्याला त्याच्या पोटातले कळले, तर यंत्रही अधिक दिवस चालेल आणि माणूसही सुरक्षित घरी परतेल.